मामांचं अकॉर्डियन आणि माझी आठ बोटं

ती. मामांना,

डाव्या हाताची दोन बोटं सरसाने एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे उरलेल्या आठ बोटांचा नमस्कार मान्य करून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं ब्लडप्रेशर हे पत्र वाचण्याआधी मोजून घ्या. नंतरचा आकडा भरवशाचा येणार नाही.

घाबरू नका. ज्या धुनेवर मामींनी तुम्हाला होकार दिला, तीच तुम्ही रविवारी त्यांच्या साठीला वाजवणार आहात, आणि आमच्याकडे ठेवलेलं तुमचं अकॉर्डियन त्यासाठी तयार हवं, हे माझ्या पक्कं लक्षात आहे. ते तयार आहे. मधल्या काळात फक्त एकदा कपाटावरून पडलं. (आपोआप पडलं. त्याच्याखालची हत्यारांची पेटी मी त्याच वेळी ओढत होतो हा योगायोग. पण आमच्या घरात योगायोगालाही माझंच नाव लावतात.)

बायको म्हणाली, बाजारातल्या हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे टाका. मी म्हटलं, या घरातलं भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर, तुझ्या वडिलांचं कानातलं यंत्र, सगळं मीच उघडलंय ना? "उघडलंत हो," ती म्हणाली, "मिटलं कुणी?" अशा माणसांशी वाद घालत नाही मी. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, वहीत रकाने आखले आणि निदानाला लागलो.

दोष तीन निघाले. पहिला, भात्याचा कोपरा फाटलेला. गाल ओला करून भात्याच्या प्रत्येक घडीजवळ धरला आणि गार लागलं तिथे खूण केली (ही पद्धत कुठल्या पुस्तकात नाही, माझी आहे). माझ्या जुन्या पाकिटाचं चामडं ब्लेडने खरवडून कांद्याच्या सालीइतकं पातळ केलं आणि सरसाने लावलं. दोन बोटं तिथे कामी आली. दुसरा दोष, मधल्या एका सुराची पितळी जीभ (हवेने थरथरून वाजते ती) मेण तडकून सुटलेली. मधमाश्यांचं मेण आणि थोडी राळ दुधाच्या भांड्यात वितळवून ती जीभ चारी बाजूंनी अशी बसवली, की सांधा बघत राहावा. मी बघत राहिलो. दूध त्या दिवशी कुणी प्यायलं नाही.

तिसरा दोष गहन. कुठलीही पट्टी न दाबता, भाता ओढला की एक सूर आपला चालू, बंद दारापुढच्या मांजरासारखा. याच्या मुळाशी जायचं म्हणून या जिभा ज्यांवर बसवलेल्या असतात ते चारही लाकडी ठोकळे बाहेर काढले, एकूण एक जीभ मऊ ब्रशने पुसली, ठोकळ्यांच्या टोकांना नंबर दिले. चौथ्या दिवशी मूळ सापडलं. बाहेरच्या जाळीमागे, एका झडपेखाली, तुमच्या ऑर्केस्ट्राच्या कोटाचं बटण अडकलेलं होतं. बायकोच्या मते ते काहीही न उघडता चिमट्याने निघालं असतं. असेल. पण सगळं उघडून पाहिल्याशिवाय ते बटणच आहे हे सिद्ध कसं होणार? बटण सोबत पाठवतो आहे, कोटाला लावून घ्या.

सगळं परत जोडलं. ठोकळे बसताना जरा कुरकुरले, पण मी ऐकून घेतलं नाही. आता हवेचा थेंबही गळत नाही. रविवारी निश्चिंत मनाने या.

तुमचा, कुणाकडेही न शिकलेला,
भाचा

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. नंबर मी आतल्या बाजूने बघून दिले आणि जोडताना बाहेरच्या बाजूने मोजले, त्यामुळे ठोकळे उलटे बसून हनुवटीजवळचे जाड सूर खाली गेलेत आणि खालचे बारीक वर आलेत. प्रत्येक सूर स्वतःपुरता उत्तम आहे. अकॉर्डियन उलटं धरून पट्ट्या डाव्या हाताला घेतल्या की क्रम बरोबर लागतो, मी करून पाहिलं. तेव्हा रविवारपर्यंत डाव्या हाताने जेवत चला. दाढी मात्र उजव्यानेच करा, फोटो काढायचे आहेत.

ता. क. २. वरचं रद्द समजा आणि उजव्या हाताने जेवा. बायकोने मला न विचारता त्या हार्मोनियमवाल्याला घरी आणलं. ठोकळे बघून तो आधी हसला, मग हसायला नीट जमावं म्हणून खाली बसला. अर्ध्या तासात चारही फिरवून दिले. जाता जाता त्याला मेणाचा सांधा दिसला. हे कुणी केलं? मी म्हटलं, मी. शिकलात कुणाकडे? कुणाकडेच नाही. त्याने सांध्यावरून नख फिरवलं, भाता ओढला, तो सूर तीनदा ऐकला. "असू द्या," म्हणाला, "याला मी हात लावत नाही." हे वाक्य तारीख घालून वहीत लिहिलं आहे. खाली साक्षीदार म्हणून बायकोची सही आहे (नवं दुधाचं भांडं आणायच्या अटीवर).

ता. क. ३. आता पत्राचं खरं कारण. धुनेत तुम्ही शेवटाकडे जिथे नेहमी घाई करता ना, तिथला लांब सूर तोच, माझ्या मेणाच्या सांध्याचा आहे. रविवारी तिथे जरा थांबा. माझं नाव वगैरे घेऊ नका, मला ते आवडत नाही. मी दाराकडून तिसऱ्या खुर्चीवर असेन. नजर आपोआप गेली, तर जाऊ द्या.