बाई कालच येऊन गेल्या

शनिवार, ४ तारीख

पोचलो एकदाचे. तळ्याकाठचं हे भाड्याचं घर फोटोत दिसलं त्याहून लहान निघालं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी. पण मला फार आवडलं, कारण इथलं काहीही मला निवडायचं नाही. नळ जिथे आहे तिथे आहे. खिडकी जशी उघडते तशी उघडते.

गेलं दीड वर्ष नव्या घराच्या बांधकामापायी दुसरं काही सुचलं नाही. फरशीचा रंग, दाराची उंची, दिव्याची बटणं डावीकडे की उजवीकडे. प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवतानासुद्धा डोक्यात सिमेंट कालवलं जायचं. शेवटी हेच म्हणाले की स्लॅब झालाय, आता आतलं काम आहे, मिस्त्री भरवशाचा आहे. पंधरा दिवस कुठेतरी जाऊ या, नाहीतर तू विटांशी बोलायला लागशील. ताई बांधकामाच्या मागच्याच गल्लीत राहते, तिच्याकडे किल्ली ठेवून निघालो.

आमची ढमी सात वर्षांची. नाव ढमी, पण अंगावर मूठभर मांस नाही. आल्याआल्या तिने तळ्यातल्या बदकांना नावं ठेवली, म्हणजे दोन्ही अर्थांनी. ह्यांनी चहा केला. मी दुपारी जी झोपले ती दिवेलागणीला उठले.

सोमवार, ६ तारीख

फोनला रेंज फक्त पडवीच्या टोकाला, कठड्यापाशी येते. तिथे उभी होते तर मिस्त्रींचा फोन. म्हणाले, बाई, काल तुम्ही सांगितलंत तसा स्वयंपाकघरातला ओटा दोन इंच खाली घेतला. मी म्हटलं, मी काल तिथे नव्हते हो. ते हसले. म्हणाले, तुमच्यासमोरच तर टेप लावून खूण केली.

ताई गेली असेल आणि मिस्त्रींचा घोटाळा झाला असेल. पण ओटा खाली हवाच होता. मी बुटकी. जुन्या घरातल्या ओट्यापाशी उभं राहून खांदे भरून येतात. महिनाभर सांगीन सांगीन म्हणत होते, पण पुन्हा वाद घालायचं त्राण नव्हतं. असू दे, असं म्हणून फोन ठेवला. ह्यांना काही बोलले नाही.

बुधवार, ८ तारीख

पुन्हा मिस्त्री. मी तीन महिने ज्या फरशीपाशी अडले होते, ती म्हणे मी काल दहा मिनिटांत पसंत केली. मोरीचं दार आतल्या बाजूला उघडायचं ठरलं. ढमीच्या खोलीला पिवळा रंग. मिस्त्री खूश होते. म्हणाले, बाई, आता कसं पटापट सांगता, आधी फार घोळ घालायचात.

ती बाई कोण, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही, मला बरं वाटलं. कोण का असेना, माझ्या मागचं लचांड कमी होतंय. आणि प्रत्येक गोष्ट अगदी माझ्या मनासारखी करतेय.

बारापर्यंत झोपले. एक गंमतच आहे, जितकी झोपते तितकी जास्त दमते. अंग शिशाचं झाल्यासारखं वाटतं. हे म्हणाले, दीड वर्षाचा शीण आहे, दोन दिवसांत कसा जाईल.

शुक्रवार, १० तारीख

ताईचा फोन. काल जेवायला थांबलीस ते फार बरं केलंस म्हणाली. किती दिवसांनी अशी मोकळी हसलीस.

लहानपणी जिने मला न्हाऊमाखू घातलं ती माझी सख्खी बहीण. तिची चूक कशी होईल? मी काय घातलं होतं विचारलं. म्हणाली, तुझा तो निळा ड्रेस. निळा ड्रेस माझ्यासमोर दोरीवर वाळत होता. मी सांगितलं, ताई, मी सहा दिवस इथून हललेली नाही. ती म्हणाली, तू आराम कर बाई.

ह्यांना सगळं सांगितलं. आधी हसले, मग चिडले. कोणीतरी लबाड बाई आपल्या घरावर डोळा ठेवून आहे म्हणाले. उद्या सकाळी गाडी घेऊन जातात, रात्रीपर्यंत परत. मी ओट्याचं आधी का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

शनिवार, ११ तारीख

हे सातला गेले. चारला फोन आला. काम झकास झालंय म्हणाले. गिलावा असा की हात फिरवत राहावं.

ती बाई दिसली का, विचारलं. म्हणाले, दिसलीस. आवाज कधी नव्हे इतका मऊ. म्हणाले, तुला काय सांगू, आपण नवीन बिऱ्हाड थाटलं तेव्हा होतीस ना, अगदी तशी.

दिसलीस म्हणाले. ‘दिसली’ नव्हे.

त्यांच्या मागून कोणीतरी म्हणालं, अहो, जरा टेपचं टोक धरता का? आवाज माझा होता. फक्त त्यात थकवा नव्हता.

आज राहतो म्हणाले. ढमीला दूध-पाव दिला. तिने विचारलं, बाबा कधी येणार. उद्या म्हटलं.

रविवार, १२ तारीख

फोन नाही. मी पाच वेळा केला. सहाव्यांदा ह्यांनी उचलला आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने विचारलं, आपण कोण बोलताय?

मी नाव सांगितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांना माझं नाव सांगितलं.

म्हणाले, ती ओटा पुसतेय, हात ओले आहेत. निरोप सांगतो.

ताई फोन उचलत नाही.

उद्या सकाळी रस्त्यावरून बस जाते, नंतर थेट गुरुवारी. बॅग भरली. तीन कपडे घड्या करायला अर्धा तास — दर घडीनंतर बसावं लागलं. निळा ड्रेस दोरीवर नाही. बॅगेतही नाही.

सोमवार, १३ तारीख

बस गेली.

दारापर्यंत पोचले होते. बॅग हातात, ढमी पुढे. ताप नाही, दुखत काही नाही. फक्त पाय — मी टेकले जरा पायरीवर. बसचा हॉर्न ऐकला. ढमी माझा हात ओढत होती. मग तिने ओढणं सोडलं.

दुपारी ती कठड्यापाशी फोनवर बोलत होती. कोणाशी, विचारलं. म्हणाली, आईशी. माझी खोली पिवळी झालीय म्हणे.

मी म्हटलं, ढमे, आई मी आहे.

म्हणाली, हो, पण तू सारखी झोपतेस.

रागाने म्हणाली नाही. नुसतं सांगितलं.

मंगळवार, १४ तारीख

गाडी आली. आमचीच. खिडकीशी बसून लिहितेय, हात थांबला की डोळे मिटतात म्हणून.

दोघं उतरले. हे आणि — निळ्या ड्रेसमध्ये. ढमी धावत गेली. ती पायरीवर बसली, ढमीला पुढ्यात घेतलं, वेणी घालतेय. घट्ट, सरळ भांग. शुक्रवारपासून मी तिच्या केसांना कंगवा लावलेला नाही.

ढमी हसतेय.

आता त्या बाईने वर पाहिलं. माझ्याकडे. तोंडावर राग नाही, काही नाही. प्रयोगशाळेत रक्त द्यायला आलेल्या माणसांकडे मी बघते तसं — बसा, होईलच इतक्यात.

ह्यांनी ढमीची पिशवी गाडीत ठेवली. खिडकीकडे पाहिलं नाही.

ढमी गाडीच्या दाराशी थांबली. वळली. आई, म्हणाली — खिडकीकडे बघून. मला. मलाच.

त्या बाईने ओ दिली नाही. ती थांबलीय. तिघंही थांबलीत. मी ओ दिली की ढमी येईल, हे तिलाही —

नुसती ओ द्यायची. एवढंच.

पुन्हा हाक मारली.

आवाज घशात — हो, आले, उठते — एक मिनिट फक्त, जरा पाठ टेकून मग