थंडीच्या भरवशावर

आई, तुझी नात हॉस्पिटलमध्ये आहे. डेंग्यू झालाय, तोही डिसेंबरात. आज सकाळी ताप उतरला, तसे तुझे जावई खुशीत घरी आंघोळीला गेले आणि शेजारच्या काकीमांनी फोनवर "जाक, बाँचा गेलो," म्हटलं, म्हणजे चला, सुटलो एकदाचे. मी मात्र खुर्ची पलंगाला चिकटवून बसले आहे, कारण डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरी राखण सुरू होते, हे तूच सांगितलं होतंस. पोट दुखतंय का, हातपाय गार पडताहेत का, लघवी होतेय का, सारखं बघते आहे. आत्ता ती झोपली आहे. कालपासून पाण्याच्या घोटांखेरीज तिने तोंडात काही घेतलेलं नाही. हात रिकामे राहिले की मन नको तिथे जातं, म्हणून, तू आता नसलीस तरी, तुला लिहिते आहे.

बाबांची बँकेतून इथे बदली झाली, तू बालीगंजच्या शाळेत जीवशास्त्र शिकवू लागलीस, त्यानंतरची आपली इथली पहिली दिवाळी आठवते? पुण्यात अभ्यंगस्नानाला कुडकुडायचो, इथे उटणं लावतानाच घाम फुटला. तरी आपल्या सगळ्या मराठी मंडळींच्या डोक्यात पुण्याचंच हवामान: दिवाळी आली, थंडी आली, डास गेले. तांब्याचं घंगाळ बदलीच्या सामानात आणता आलं नाही, म्हणून तू स्टीलचं घेतलंस आणि दसऱ्यापासून त्यात झेंडू तरंगत ठेवलेस. वरची फुलं बदलायचीस, पाणी तेच. लक्ष्मीपूजनाला घर भरलेलं असताना तू फुलं सारखी करायला वाकलीस ती वाकलेलीच राहिलीस. दुसरी कुणी असती तर गुपचूप मोरीत ओतून मोकळी झाली असती. तू हाकारा केलास. "अहो, या सगळे इकडे! चकली हातात घेऊनच या. मी वर्गात घसा फोडून डासांवर बोलते, आणि माझ्याच दारात बघा काय वळवळतंय ते." बाबांच्या मॅनेजरीणबाईंनी चकली परत ताटलीत ठेवली. बाबा छताकडे बघत होते. तू हसत होतीस. स्वतःची चूक अशी चारचौघांत फराळासारखी वाढणारी बाई मी नंतर पाहिली नाही.

एवढ्यावर थांबशील तर तू कसली! थोड्या अळ्या तू दोन बरण्यांत भरल्यास, तोंडाला मलमल बांधलीस, एक बरणी शेगडीजवळच्या फळीवर आणि एक मोरीतल्या गार कोपऱ्यात ठेवलीस. काकीमा डोकावल्या. "दीदी, मशा पुषछेन?" डास पाळताय का, असं त्यांनी विचारलं, आणि तू शांतपणे म्हणालीस, "पुषछि. रोज येऊन बघत जा." शेगडीजवळच्यांना पंख आधी फुटले. मोरीतले कितीतरी मागे राहिले. "ऊब मिळाली की यांना घाई सुटते," तू म्हणालीस, "आणि डासाच्या अंगातला रोगसुद्धा लवकर पिकतो. थंडी आपलं काम फुकटात करते गं. ती उशिरा येऊ लागली की आपल्यालाच करावं लागेल." नंतर दर आठवड्याला तू गच्चीवर चढून कुंड्यांखालच्या थाळ्या पालथ्या करायचीस, शाल पांघरायच्या दिवसांतही. लोक हसायचे, तू त्यांच्याकडूनही थाळ्या पालथ्या करून घ्यायचीस.

आता ती थंडी खरंच रेंगाळते आहे. यंदा पाऊस थांबून थांबून, दुर्गापूजा उलटून गेल्यावरही येत राहिला. अळ्या वाहून जाव्यात एवढा जोराचा नाही, पण जिथे तिथे पाणी साचावं एवढा. कानटोप्या ट्रंकेत, पंखा चालू, आणि तरी दिवाळीतल्या कालीपूजेनंतर सोसायटीची गच्चीवर साचलेलं पाणी शोधायची फेरी नेहमीप्रमाणे बंद. मी सेक्रेटरींशी भांडले, तर ते म्हणाले, "एखन आर मशा कोथाय, बौदी?" आता कुठले आलेत डास, वहिनी! पोरीला ताप आला तेव्हा डॉक्टरही म्हणाले, साधा व्हायरल असेल, दोन दिवस बघू. मी म्हटलं, तपासणी आजच करा. त्यांनी केली, आणि नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, लवकर आणलंत ते बरं झालं. मला फार अभिमान वाटला, आई. माझा नाही, तुझा.

इथे थांबले होते, कारण ती जागी झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मा, मला खिदे लागलीय." खिदे म्हणजे भूक. इथे वाढलेल्या मुलांचं मराठी असंच. मग म्हणाली, "मऊ भात, तूप घालून." हात उबदार होते तिचे. मी सिस्टरना हाक मारायला हवी होती, तिच्या बाबांना फोन करायला हवा होता. कबूल करते, दोन्ही विसरले. मी खोलीच्या दाराकडे वळून मोठ्याने ओरडले, "आई, ऐकलंस का? भूक लागलीय तिला!"