लिमसाहेबांच्या सात खुर्च्या

ती. बाबांना उत्कर्षाचा नमस्कार,

मी मजेत आहे. मरीन परेडची ही भाड्याची खोली हवेशीर आहे. पोळ्याही आता फुगतात. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही कोर्टात शिरस्तेदार होतात, म्हणून एक सांगते. इथे, या देशातही, पूर्वी ज्यूरी असायची. आमचे घरमालक लिमसाहेब तरुणपणी एका खुनाच्या खटल्यात ज्यूरीवर होते. सात जणांनी बंद दाराआड निकाल ठरवला आणि एक माणूस फासावर गेला. आत कोण काय बोललं ते बाहेर फोडायचं नाही, असा कायदा. त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

आता त्यांना स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नाही. तरी रोज दुपारी ते टेबलाभोवती सात खुर्च्या मांडतात आणि दार लावून घेतात. एकटेच असतात, पण आतून वेगवेगळे आवाज येतात.

काल दार उघडून म्हणाले, "ये, एक जण कमी आहे." म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून गेले. एकच खुर्ची रिकामी होती.

काळजी करू नका, जेवण व्यवस्थित जातं. फक्त आत काय बोलणं झालं ते विचारू नका. तुमच्यापासून मी आजवर काही लपवलं नाही, पण हे सांगता येणार नाही.

आज पुन्हा बसायचंय. आमचं अजून एकमत झालेलं नाही.

तुमची,
उत्कर्षा