सरकीच्या उबेतलं पिल्लू

मानवत, पौष वद्य पंचमी

तीर्थरूप आईच्या पायांवर भुजंगचं डोकं.

मी खुशाल आहे. आणि बदलून गेलेल्या साहेबानं आपल्या जिनिंग कारखान्यामागं टाकलेलं ते विलायती कुत्र्याचं पिल्लू जगलं!

वीतभरच अंग, पण छातीची घरघर मला भिंतीपलीकडून ऐकू आली. गाईचं दूध पाजून हगवण लावली, ती चूक माझी. मुनीम माधवराव म्हणाले, "शेट, आता खड्डा खणायला लावू?" मग तू थंडीत करडं जगवायचीस ते आठवलं. उबदार सरकीच्या ढिगात ठेवलं, शेळीचं दूध कापसाच्या वातीनं चोखवलं. आज नवव्या दिवशी छाती साफ, आन् पठ्ठ्यानं भुंकून माधवरावांचंच धोतर धरलं!

तुझा खोकला गेला, असं तू लिहवतेस. रविवारी झरीला येतो. छातीला कान लावूनच खरं मानीन.

तुझा,
भुजंग