एकशेबारा पावलांवरची विहीर

ती. साहेबरावदाजी,

नांदेडच्या कॉलेजात पोरांना गोष्टींतली जगं शिकवणाऱ्या तुम्हांला अहमदपूरकडच्या कोरड्या गावातून नरसिंगचा दंडवत. ताईचे गुडघे कसे आहेत? तिकडे नळाला पाणी येतं का?

माझ्या हातानं आजवर काय काय झालं ते तुम्ही जाणताच: सुंभानं विणलेल्या बाजा सात, पेरणीची पाभर एक (अजून सरळ रेघ ओढते), भिंतीवरचं घड्याळ एक (चालत नाही, पण आकडे सारख्या अंतरावर आहेत) आणि कादंबरी एक, शाई घरची, शिवण घरची, दोनशे आठ पानं.

त्या कादंबरीनंच गळा धरलाय. दिवाळीत तुम्हीच सांगितलं होतं की गोष्ट म्हणजे असू शकलं असतं असं एक जग. लेखकानं बदललं तेवढंच निराळं, बाकी न सांगितलेलं सगळं आपल्यासारखं धरायचं. मला पटलं. मी एकच गोष्ट बदलली. गाव आपलंच, मारुती आपलाच, फक्त देवळापासून पूर्वेला एकशेबारा पावलांवर बारमाही पाण्याची विहीर. (पावलं तीनदा मोजली, चप्पल काढून.)

आता हा दुष्काळ. जिल्हा नवा झाला, गावाचा नकाशा मात्र जुन्याच जिल्ह्याच्या कचेरीत राहिला. सरकारी विहिरीची जागा ठरवायला ओव्हरसिअर आला, त्यानं गावाचा काही कागद आहे का विचारलं, आणि कोतवालानं माझी कादंबरी पुढं केली. त्यानं ताडून पाहिलं. देऊळ बरोबर, नाला बरोबर, पारावरची फुटकी फरशीसुद्धा बरोबर. मग विहीरच तेवढी खोटी कशी असेल? खुंटी ठोकून गेला. सोमवारी कुदळ पडणार.

खुंटी धुरपताबाईच्या चुलीपाशी आहे. एकटी बाई, एक खोली. गोष्टीत तिथं विहीर आली, तेव्हा तिच्या घराला जागाच उरली नाही, आणि तिला मी लिहिलंच नाही.

काल ती दारात आली. ‘‘नरसिंगा, तुज्या पोथीत म्या मेले का रं?’’

म्हटलं, ‘‘मेली न्हाईस मावशे. तू त्या जगात न्हाईसच.’’

‘‘मंग तिथल्या हिरीला हितली माजी चूल कशाला लागती?’’

(दाजी, हेच सांगायला तुम्हांला दोन तास लागले होते.)

ओव्हरसिअरला मी दोन जगांतला फरक समजावला. तो म्हणाला, तिथं पाणी नाही असं लिहिलेला कागद आणा. माझ्या एका आकड्यानं बाईचं घर जातंय.

तुमचा,
नरसिंग

ता. क. मी दुसरी आवृत्ती केली (प्रत एकच). तीत धुरपताबाई आहे, चुलीसकट, तांबड्या शेळीसकट. विहीर उत्तरेला एकोणनव्वद पावलांवर, गायरानात नेली. लिहिलेला आकडा मी जन्मात कधी खोडला नव्हता. पण ओव्हरसिअर म्हणतो, दुरुस्तीवर शिकलेल्या माणसाची सही पाहिजे. सोमवारच्या आत, मिळेल त्या एसटीनं, कॉलेजचा शिक्का घेऊन या आणि दुसरी आवृत्तीच खरी असं लिहून द्या.

आणखी एक. विहीर सरकते आहे हे कळल्यावर मळेवाले ग्यानोबा घरी आले. म्हणाले, ‘‘सरकवूनच राहिलास तर जरा माज्या मळ्यापस्तोर सरकव की.’’ मी नाही म्हणालो. त्यांच्या मळ्यात मी बाभळी लिहिल्यात, बावीस. हो म्हणालेला नरसिंगही एखाद्या जगात असेल, त्याचं त्याला लखलाभ. या जगातल्यानं नाकारले. ताईला सांगू नका, रोख अकराशे रुपये होते.