होबार्टला लागलेला दुसरा टॉर्पेडो

तीर्थस्वरूप बेरिलवन्सं यांना पेंग्विन गावाहून ग्लेनिसचा साष्टांग नमस्कार. घातला आहे असं समजून घ्या. खरोखर घातला तर मला उठवायला माणूस लागेल, आणि घरातला माणूस सध्या डोक्याला भिंग बांधून बसलेला असतो. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम स्वतः करता आहात, की नुसते शेजारणीला करून दाखवता? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे हे मजेत आहेत, आणि मी आहे.

तुम्ही रागावलात हे तुमच्या फोन न उचलण्यावरून कळलंच. राग अगदी रास्त आहे. तुम्ही तिकडे कोलॅकला सकाळपासून कोकराची तंगडी भट्टीत लावलीत, पुदिन्याचा सॉस केलात, पाव्हलोव्हा केकवर पॅशनफ्रूटही घातलंत (हे मला तुमच्या शेजारणीकडून कळलं, ती बिचारी तीन दिवस तेच खात होती), आणि तासाभराच्या अंतरावर जिलाँगला येऊन बसलेला तुमचा सख्खा धाकटा भाऊ काही जेवायला फिरकला नाही. गाडी बिघडली असं ह्यांनी तुम्हाला सांगितलं म्हणे. गाडीला काहीही झालेलं नाही. बिघडलं ते वेगळंच, आणि ते तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून हा पत्रप्रपंच.

तुम्हाला माहीतच आहे, कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर इतरांचे नवरे मासे पकडतात, लॉन बोल्स खेळतात किंवा सरळ मरतात. तुमच्या बंधूंनी आरमार काढलं. गेली तीन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या महायुद्धातली 'होबार्ट' क्रूझर बांधली जात आहे आणि आम्ही दोघं मांडीवर ताटली घेऊन जेवतो आहोत. जहाज हातभरच, पण त्याचा पसारा खऱ्या गोदीएवढा. प्लॅस्टिकचं जहाज खोक्यात सगळं तयारच येतं, कुणीही पंधरवड्यात जोडावं असं. पण ते म्हणे पोरखेळ. त्यातले कठडे जाड असतात. खऱ्या जहाजाच्या मापाने बघितलं तर ते कठडे नसून गाईगुरांसाठीचं कुंपण वाटतं, असं ह्यांचं मत. म्हणून मग पोस्टाने पितळी पत्रे मागवायचे. वर्तमानपत्राच्या कागदाइतका पातळ पत्रा, त्यात आम्लाने कोरून काढलेले कठडे, शिड्या, रडारच्या जाळ्या आणि मुंगीला पुरतील अशी दारं. एकेक तुकडा पात्याने कापायचा, खास यंत्राच्या जबड्यात धरून वाकवायचा, चिमट्यात पकडायचा, सुईच्या टोकाने गोंदाचा थेंब लावायचा आणि श्वास रोखून जागेवर ठेवायचा. इथवर आल्यावर तो तुकडा चिमट्यातून उडतो.

तो उडाला की आवाज होत नाही. फक्त हे अगदी हळू म्हणतात, "ग्लेनिस, हलू नकोस." सुरुंगावर पाय पडलेल्या माणसाला सांगावं तसं. मग मी चहाचा ट्रे हातात घेऊन एका पायावर उभी, आणि तुमचे बंधू विजेरी जमिनीला टेकवून पोटावर सरपटत शिडी शोधत आहेत, असा आमचा संसार चालतो. गालिचा तर पहिल्याच वर्षी काढून टाकला. झाडायला बंदी. मी खोलीतून बाहेर पडायच्या आधी माझा स्वेटर पांढऱ्या कागदावर झटकून घेतात (एकदा त्यातून एक नांगर निघाला, तेव्हापासून माझ्यावरचा संशय कायमचा). आणि चिमटे किती म्हणाल, तर सरळ, वाकडे, चपटे, उलट उघडणारे, एक खास डोलकाठीसाठी. मागच्या हिवाळ्यात माझ्या तळव्यात गुलाबाचा काटा मोडला. मी त्यातला एक चिमटा मागितला तर हे कळवळून म्हणाले, "अगं, ते जहाजाचे आहेत." काटा मी भुवयांच्या चिमट्याने काढला.

आता आयव्हर प्रिंगल. डेव्हनपोर्टचे निवृत्त दंतवैद्य, ह्यांच्याच जहाजं जोडणाऱ्यांच्या क्लबातले. जिवंत माणसांच्या दाढा पोखरून झाल्या, आता तीच हत्यारं प्लॅस्टिकवर चालवतात. त्यांच्याकडे एक विनाशिका आहे, इतकी निर्दोष की तिच्याकडे बघून दातच आंबतात. मागच्या वर्षी ते आमच्याकडे आले, होबार्टभोवती एक फेरी मारून ह्यांना म्हणाले, "लिंडसे, कठडा छान बसवलायस. डावीकडे जरा वाकून हसतोय, एवढंच." त्यांच्या पाठीमागे दार बंद झालं न झालं तोच ह्यांनी डाव्या बाजूचा अख्खा कठडा उपटून काढला. पुन्हा बसवण्यात सगळा पावसाळा गेला. दोघं एकमेकांना परममित्र म्हणवतात, वन्सं. पुरुषांमध्ये याला मैत्री म्हणतात.

तर समुद्रापलीकडे तुमच्या बाजूला, जिलाँगला, अशा छोट्या जहाजांचं प्रदर्शन, देशभरातून लोक येणार, आणि दोघांचीही जहाजं स्पर्धेत, एकाच बोटीने निघालेली. घरातून निघताना होबार्टचं खोकं गाडीत पुढच्या सीटवर, पट्टा लावून. मी मागे, रंगाच्या बाटल्या आणि सँडविचेस मांडीवर घेऊन. बोटीवर ह्यांनी खास केबिन घेतली होती, कारण खाली गाडीत ठेवलं तर इंजिनाच्या थरथरीने जाळ्या सुटतील. केबिनमध्ये दोन पलंग. त्यातला एक जहाजाचा.

तुम्ही बासची सामुद्रधुनी पाहिली आहे, तिच्याबद्दल मी काय सांगावं. किनारा दिसेनासा झाला आणि समुद्र अंगात आल्यासारखा घुमू लागला. तीन वर्षं युद्धनौका बांधणारे, कुठल्या लढाईत किती उंच लाटा होत्या हे जेवताना सांगणारे तुमचे बंधू अर्ध्या तासात हिरवे पडले. कागदी पिशवी तोंडाशी धरून जमिनीवर आडवे झाले आणि म्हणाले, "मी गेलो तरी चालेल. खोकं सपाट धर." तेव्हा मी पलंगावर बसून खोकं मांडीवर घेतलं. बोट डावीकडे कलली की मी उजवीकडे, बोट वर गेली की हात खाली. पाळण्यातल्या पोराला मी इतकं जपलं नव्हतं.

तेवढ्यात दारावर थाप. आयव्हर. चेहरा चुन्यासारखा, हातात स्वतःचं खोकं, आणि ताठ मान पार गळून गेलेली. बाहेर लाउंजमध्ये मुलं धावतायत, लोक पडतायत, जहाज ठेवायला जागा नाही. म्हणाले, "वहिनी, एवढं जरा धरता? मला खाली बसायलाच हवं." आणि बसलेच, ह्यांच्या पायाशी. असे दोन दर्यावर्दी केबिनच्या जमिनीवर एकमेकांना टेकून पडलेले, आणि दोन्ही आरमारं माझ्या ताब्यात. खरं सांगते, त्या घटकेला मला फार बरं वाटलं. एक खोकं मांडीवर, दुसरं शेजारी उशीला टेकवून. दोघांनाही मी वरचेवर सांगत होते की सगळं ठीक आहे, आणि दोघंही डोळे मिटून माना डोलवत होते. लग्नानंतर माझं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं.

मग ती लाट आली. आधीच्या लाटांशी तिचं काही नातं नव्हतं. बोट शेपटावर उभीच राहिली, मी भिंतीवर आदळले आणि दोन्ही खोकी हवेत. माझे हात दोन, पण ते एकाच दिशेने गेले. पकडलं ते एकच खोकं. दुसरं समोरच्या लोखंडी कपाटावर आपटलं, झाकण उघडलं, आणि होबार्ट बाहेर पडून शेपटाकडून जमिनीला भिडली.

होय वन्सं. मी विनाशिका वाचवली. आयव्हरची.

ह्यांनी डोळे उघडले. आधी जहाजाकडे बघितलं, मग माझ्या कुशीतल्या खोक्याकडे. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. तसेच गुडघ्यांवर सरकत, मळमळत, एकेक तुकडा वेचून रुमालात गोळा करत राहिले, आणि ते मला बघवलं नाही. तीन वर्षं मी त्या जहाजाला शिव्या घातल्या होत्या. ते तुटलेलं पाहून मीही पलंगाखाली हात घालून नांगर शोधू लागले.

जहाजं मांडायची होती त्याच्या आदल्या दिवशी आम्ही तुमच्याकडे जेवायला येणार होतो. तो अख्खा दिवस मोटेलच्या खोलीत गेला. आयव्हर आपली सगळी दाताची हत्यारं घेऊन सकाळीच हजर, उपकाराच्या ओझ्याने वाकलेले. पण दोघांच्याही अंगातून बोट अजून उतरली नव्हती. दोन तुकडे बसवले की तीन निखळत. शेवटी मी चष्मा काढला, नाक टेबलाला लावलं आणि सरळ कठडा बसवून टाकला. मग दुसरा. दोघं पुरुष माझ्या दोन्ही बाजूंना उभे, मागेन तो चिमटा देत. डोलकाठी उभी राहिली, जाळ्या लागल्या. पण शेपटाचा डावा भाग पार फुटला होता, त्याचा एक तुकडा बोटीवरच कुठेतरी राहिला, त्याला इलाज नव्हता. हे आयव्हरना म्हणाले, नको, नेऊ या परत. आयव्हरनेच आग्रह केला की मांड (फुटकं जहाज शेजारी असलं तर निर्दोष जहाज आणखी निर्दोष दिसतं, हा हिशोब त्यांनी केला नसेल असं मी म्हणणार नाही).

मुख्य परीक्षक एक उंच, हडकुळे गृहस्थ होते, हातात छोटी विजेरी. विनाशिकेपाशी मिनिटभर थांबले, मान हलवून पुढे आले. होबार्टपाशी आले आणि वाकले ते उठेनातच. मग हळूच म्हणाले, "एकोणीसशे त्रेचाळीसचा टॉर्पेडो. नाही का?"

खऱ्या होबार्टला त्या साली डाव्या बाजूला, शेपटाकडेच एका पाणबुडीने सोडलेला टॉर्पेडो लागला होता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पत्रा कसा आतून बाहेर फाटला आहे, कठडा नेमका कुठे पिळला आहे, मागचं डेक कसं उचललं गेलं आहे, हे ते इतर परीक्षकांना बोलावून दाखवायला लागले. इतकं खरं भगदाड आजवर पाहिलं नाही म्हणाले. मी ह्यांच्याकडे बघितलं. माणूस सज्जन आहे, वन्सं. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे पैसे परत करायला हा माणूस पावसात मागे गेला आहे. आता खरं सांगेल, मी मनात म्हटलं. हे घसा खाकरून म्हणाले, "बराच अभ्यास करावा लागला."

आयव्हरने तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे फक्त बघितलं, आणि त्यांना माझ्या कुशीतलं खोकं आठवलं असावं. तोंड मिटलं. दाताच्या डॉक्टरचं तोंड असं मिटलेलं मी प्रथमच पाहिलं.

पहिलं बक्षीस होबार्टला. विनाशिकेला कौतुकाचं प्रमाणपत्र.

परतीच्या वाटेवर हे माझ्याशी पहिल्यांदा बोलले. बोट स्थिर होती, समुद्र तळ्यासारखा. मला वाटलं आता माफी मागतील, किंवा निदान मला मागू देतील. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ग्लेनिस, तू ते नक्की कुठल्या कोनातून पाडलंस?"

असो. तुमच्या तंगडीचा अपमान झाला तो असा. मोठ्या मनाने क्षमा करावी. हे आपल्याला नमस्कार सांगतात असं लिहिलं असतं, पण ते भिंग लावून बसले आहेत.

आपली,
ग्लेनिस

ता. क. क्लबाने ह्यांचं व्याख्यान ठेवलं आहे: 'जहाजांवरील युद्धकालीन नुकसान, काही विचार'. पुढच्या महिन्यात हेच व्याख्यान तुमच्या कोलॅकच्या वाचनालयातही आहे. तेव्हा ह्यांना दोन आठवडे तुमच्याकडे ठेवून घ्या, ही खरी विनंती. जमलं तर तीन. तंगडी पुन्हा करा, त्यांना आवडते. टॉर्पेडोची गोष्ट सांगू लागले तर नवल वाटल्याचं दाखवा.

ता. क. दुसरा. मी त्यांच्याबरोबर येणार नाही. गुडघ्याचं कारण सांगणार होते, पण ते तुम्ही आधीच घेतलं आहे. खरं कारण असं की मला जेवणाचं टेबल मोकळं हवं आहे. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात मी माहेरच्या नावाने भाग घेतला आहे. ह्यांना किंवा आयव्हरना, दोघांपैकी कुणालाही पत्ता नाही, तुम्हीही देऊ नका.

जहाज कोणतं म्हणाल, तर पाणबुडी.