चाक घसरलं की लागणारा दिवा

१४ सप्टें., रवि.
डबा आला. तळहातात मावेल एवढा, चार सेन्सर, वायरींचं भेंडोळं आणि बारीक इंग्रजीतलं पुस्तक. चारही चाकं किती वेगात फिरतात ते हा बघणार. मागची पुढच्यांपेक्षा जास्त फिरली, म्हणजे घसरली, की इंजिनाचा स्पार्क क्षणभर तोडून ताकद कमी करणार आणि पुढ्यात पिवळा दिवा लावणार. हे मुळात गाडीतच असायला हवं होतं. टर्बो, सगळी ताकद मागच्या चाकांना, आणि आवरायला काही नाही. विकणारा हरामखोर एक अक्षर बोलला नाही.

साताऱ्याच्या मेकॅनिकला फोन केला. हसला. "बाहेरनं आणलेलं आमी न्हाई लावत सायेब. तुमीच लावा की मोबाईलवर बघून." लावतोच. लेथवर जन्म गेला माझा, सेन्सर धरायचे चार ब्रॅकेट नाही जमणार?

वैशालीनं डबा उलटसुलट करून बघितला, "छान आहे" म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. श्रावणात तासगाव रोडला गाडी गरकन फिरून बांधावर आदळली, तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून ती या गाडीत बसलेली नाही. बायको रिक्षानं आणि मी गाडीनं. सगळी गल्ली बघते.

१७ सप्टें.
पुढच्या डाव्या चाकाचा ब्रॅकेट तिसऱ्यांदा केला. सेन्सर आणि चाकामध्ये एक मिलिमीटर अंतर हवं. पुस्तकात चित्र भलत्याच गाडीचं. पाना फेकला, बादली फुटली. आप्पा (फौजेत ट्रक चालवून रिटायर झालेत) ओट्यावरनं म्हणाले, "आरं, रागावून नट सुटतोय व्हय?" माझ्या बापाला भारी विनोद सुचतात.

२३ सप्टें.
झालं! ओल्या मैदानात जोरात दाबली. मागची चाकं घसरली, दिवा लागला, इंजिन तडतडलं, गाडी सरळ. एकटाच ओरडलो.
वै.ला सांगितलं, भाऊबीजेला रहिमतपूरला माहेरी यातनंच जायचं. "एस.टी. आहे की सकाळची." मग मी हे कुणासाठी करतोय? गाडी काढली आणि मिरजेपर्यंत जाऊन आलो.

१ ऑक्टो., खंडेनवमी
लेथ, गाडी, आप्पांची जुनी पानापेटी, सगळं पुजलं. आप्पांनी ट्रकवर फोडायचे तसा नारळ पुढच्या डाव्या चाकावर फोडला. मी ओरडेपर्यंत पाणी आत. "ट्रकाला कदी काय झालं न्हाई," म्हणे.

३ ऑक्टो.
भर रहदारीत गाडी ठसकायला लागली. कोरडा रस्ता, तरी दिवा कायम. मागनं ट्रकचा हॉर्न. ढकलत कडेला घेतली. पुढचं डावं चाक डब्याच्या लेखी उभंच, म्हणून मागची घसरतायत असं समजून तो स्पार्क तोडत बसला.
घरी येऊन आप्पांना नाही नाही ते बोललो. नारळावरनं सुरू केलं, कुठं कुठं गेलो. शेजारी बाहेर आले. आप्पांनी चपला घातल्या आणि गेले. दिवेलागणीला आले, जेवले नाहीत.

४ ऑक्टो.
चाक काढलं. नारळबिरळ काही नाही. झेंडूच्या माळेचा दोरा आत गुंडाळला जाऊन त्यानं सेन्सरची वायर मुळासकट उपटलीय. माळ उरली म्हणून चाकात मीच अडकवली होती. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून.
नवी वायर जोडली. आप्पांना सांगितलं. "बरं," म्हणाले. एवढंच.

१२ ऑक्टो.
डबा नोंद ठेवतो: स्पार्क कधी तोडला, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवर पाय किती दाबलेला. लॅपटॉपवर बघत होतो, वै. मागे येऊन उभी राहिली. मैदानातलं आणि वायर तुटली त्या दिवसाचं सोडून चार वेळा. चारही वेळा पाय तळापर्यंत.
"हा कधीचा?" कामगार आला नाही त्या सकाळचा. "हा?" डंपरवाल्यानं कट मारला होता. "हा?" पंपावर रांगेत घुसणाऱ्याशी वाजलं त्यानंतर. "आणि हा?" ती एस.टी. म्हणाली त्या संध्याकाळचा.
"आणि श्रावणातला?"
तेव्हा डबा नव्हता.
"मी होते की. माझ्या भावावरनं बोलत होतात. शेवटच्या शब्दाला पाय दाबलात. मी बघितलाय पाय."
सगळ्यांना मी चिखल सांगितला. दवाखान्यात, तिच्या भावाला, आप्पांना. चिखल होताही. पण…
"गाडीला डबा बसवलात. तुम्हाला काय बसवायचं?"
लॅपटॉप आपटून मिटला. स्क्रीनला तडा गेला. त्याचाही राग आला.

२३ ऑक्टो., भाऊबीज, रहिमतपूर
सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. मी गाडी काढून दारात. "किल्ली द्या," म्हणाली आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली. लग्नाआधी भावाची जीप चालवायची, लायसन आहे, हे मी विसरलोच होतो. आप्पा खिडकीशी आले. "सूनबाई, आरसा बघून घ्या." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
साठच्या वर नाही. उंब्रजपुढं रस्त्याचं काम, रात्रीच्या पावसाचा चिखल, पुढं ट्रॅक्टर. माझा पाय नुसत्या मॅटवर दाबत होता. ती निवांत ट्रॅक्टरच्या मागं. एस.टी.सुद्धा पुढं गेली! वाटलं ओरडावं. ओरडलो नाही.
दिवा एकदाही लागला नाही. इतके दिवस खपून बसवलेली वस्तू, आणि एकदाही नाही. तिच्या भावाला कौतुकानं डबा दाखवला, तर विचारतो, "मग वाटेत लागला का कुठं?" श्रावणातलं त्याला खरं सांगायचं ठरवून आलो होतो. जेवायला बोलावणं आलं, राहिलं.
ओवाळून झाल्यावर वै. अंगणात आली. "उद्या परतायचंय. तुम्ही चालवणार?"
"चालवतो" म्हणायला तोंड उघडलं. तिचा हात गळ्याजवळच्या हाडावर गेला होता. तिचं तिला कळलं नव्हतं.
"सकाळी सांगतो," म्हणालो. किल्ली तिच्याकडेच आहे. मागितली नाही.